बँडच्या मोठ्या आवाजात बेस ऐकू येत नाही. ॲम्प किती मोठा घ्यावा?

खर्जातला, पुणे

नमस्कार. आमचा चार जणांचा रॉक बँड आहे. एक गिटारवादक, एक ड्रमर, एक गायिका आणि बेस गिटार वाजवणारा मी. आम्ही रविवारी एका मित्राच्या बंगल्याच्या तळघरात सराव करतो. खोली १४ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे, छत साडेआठ फुटांवर आहे आणि आधीच्या कोणीतरी भिंतींना दोन इंची फोम चिकटवून ठेवला आहे. गिटारवादकाकडे १०० वॅटचा ट्यूब ॲम्प आणि बारा इंची चार स्पीकरचे बंद पाठीचे कॅबिनेट आहे. ड्रमरचा हात जड आहे, हे त्यालाही मान्य आहे. माझ्याकडे मात्र ४० वॅटचा, एकच दहा इंची स्पीकर असलेला कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, आहे आणि बेस चार तारांचा, ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला आहे.

घरी हा कॉम्बो पुरून उरतो. सरावाला मात्र आवाजाचे बटण तीन-चतुर्थांशाच्या पुढे नेले की खालचे सूर फाटू लागतात, स्पीकरचा पडदा फडफडताना डोळ्यांना दिसतो आणि तरीही आवाज वाढल्यासारखा वाटत नाही. ॲम्पवरचे बेसचे बटण मी पूर्ण चढवले आहे आणि मिड, म्हणजे मधल्या सुरांचे बटण, बरेच उतरवले आहे, कारण घरी तोच आवाज सर्वांत गोलाईदार वाटतो. आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. मी खोलीच्या साधारण मध्यभागी उभा असतो आणि तिथे मोकळी ई तार वाजवली तर मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्याच वेळी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी असलेली गायिका मात्र बेस फार घुमतो अशी तक्रार करते.

दुकानदाराने १०० वॅटचा कॉम्बो सुचवला आहे. माझी ताकद पंचेचाळीस हजार रुपयांपर्यंत आहे. एवढ्याने प्रश्न सुटेल का, की याहून मोठे काही घ्यावे लागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


तरंगलांबी

आधी दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. ४० वॅटवरून १०० वॅटवर गेल्याने, बाकी सारे तेच राहिले तर, आवाजात फक्त ४ डेसिबलची भर पडते. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. चार डेसिबल जाणवतात, हे खरे. पण आपण ज्या अंतराने मागे आहात ते त्यांनी भरून निघणार नाही. वॅटचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो म्हणून आपण तोच पाहतो. एके काळी आपल्याकडे टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या वॅटचे, हजारांतले आकडे छापले जात, त्याच सवयीचा हा अवशेष असावा.

वॅटइतकाच महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा असतो, म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल मिळतात त्याचा. गिटारच्या बारा इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते आणि आपल्या मित्राकडे तसे चार स्पीकर एकत्र आहेत. लहान कॉम्बोतला दहा इंची बेस स्पीकर बहुधा ९० ते ९५ डेसिबलच्या आसपास असतो आणि खालच्या सुरांत त्याहूनही उतरतो. म्हणजे दोघांना समान वॅट दिले तरी गिटार कितीतरी पुढे असणार. त्यातच माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले आणि आज मान्य असलेल्या आलेखांनुसार १००० हर्ट्झचा ८० डेसिबलचा सूर आणि ४० हर्ट्झचा सूर सारखेच मोठे वाटायचे असतील, तर ४० हर्ट्झच्या सुराला सुमारे २५ डेसिबल जास्त दाब लागतो. आपली मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची आहे. बेसवादकाला गिटारवादकाच्या अनेकपट शक्ती का लागते, याचे उत्तर यातच आहे.

आता आपल्या बटणांकडे येऊ, कारण पैसे खर्च करण्याआधी इथेच बरेच काही मिळेल. बेसचे बटण १२ डेसिबलने चढवले असेल, तर त्या पट्ट्यात ॲम्पकडून आपण सोळापट शक्ती मागत आहात. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे जावे लागते. दहा इंची एकट्या पडद्याची हालचाल तिथे संपते आणि जी फडफड आपल्याला दिसते ती हीच. ॲम्पची सगळी ताकद अशा सुरांवर खर्च होते की जे तो स्पीकर नीट काढू शकत नाही आणि आपला कान नीट ऐकत नाही. म्हणून बेसचे बटण मध्यावर किंवा थोडे खाली आणा, आणि मिडची सोय असेल तर २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा वाढवा. एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातल्यासारखा आणि कोरडा वाटेल, पण बँडमध्ये तोच टिकतो. ई तारेचा ४१ हर्ट्झचा मूळ सूर स्पीकरमधून क्षीण आला तरी ८२ आणि १२३ हर्ट्झचे तिचे उपस्वर ऐकून कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. लहान कॉम्बोंचा सारा व्यवहार कानाच्या या गुणावर चालतो.

राहिले ते खोलीचे कोडे, आणि मला स्वतःला तेच सर्वांत रंजक वाटते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो सूर खोलीत साचतो. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, आणि त्यातून येणारी वारंवारता सुमारे ४० हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, आणि तिथे येतात सुमारे ५६ हर्ट्झ. आपली ई तार ४१ ची आणि ए तार ५५ ची, म्हणजे आपल्या दोन्ही जाड तारांचे मोकळे सूर या खोलीच्या दोन मापांवर जवळजवळ नेमके बसले आहेत. अशा साचलेल्या सुराचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य होतो. आपण मध्यावर उभे राहता, गायिका भिंतीपाशी उभी राहते, आणि त्यामुळे आपण दोघेही खरेच सांगत आहात. मध्यभाग सोडून एखाद्या भिंतीपासून तीनेक फुटांवर उभे राहा आणि फरक पाहा. दोन इंची फोमचा इथे काही उपयोग नाही, कारण ५० हर्ट्झच्या लहरीची पाव लांबीसुद्धा पावणेदोन मीटर भरते. फोम काय किंवा अंड्यांचे ट्रे काय, ते फक्त झांजांची किरकिर कमी करतात आणि खर्ज होता तिथेच राहतो.

ॲम्प कुठे ठेवला आहे हे आपण लिहिलेले नाही. स्पीकरचा पडदा मागच्या भिंतीपासून सुमारे चार फूट पुढे असेल, तर भिंतीवरून परतणारी लहर ७० हर्ट्झच्या आसपासचे सूर खोडून काढते आणि डी तारेचा मोकळा सूर ७३ हर्ट्झचा आहे. कॉम्बो भिंतीला अगदी चिकटवून ठेवला की ही खोडाखोड वरच्या सुरांकडे सरकते आणि खालच्या सुरांना फुकटचे काही डेसिबल मिळतात. कोपऱ्यात ठेवला तर आणखी मिळतात, मात्र घुमाराही वाढतो. त्यामुळे कोपऱ्यात ठेवणार असाल तर बेसचे बटण अजून उतरवा.


सहा_तारा

मी गिटार वाजवतो, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यातून दोन शब्द बोलतो. आवाज कमी करा हे दरवेळी आम्हालाच सांगितले जाते. पण १०० वॅटच्या ट्यूब ॲम्पची अडचण अशी आहे की त्याचा खरा स्वर पॉवर ट्यूबांना ताण पडल्यावरच येतो, आणि तो ताण दहा बाय चौदाच्या खोलीत देणे कुणालाच परवडणारे नाही. पन्नास वॅटचा घेऊनही फारसे साधत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे अर्ध्या शक्तीने फक्त ३ डेसिबल कमी होतात. ॲम्प आणि कॅबिनेट यांच्या मध्ये बसणारा अटेन्युएटर मिळतो. तो ॲम्पची शक्ती उष्णतेत जिरवून स्पीकरकडे थोडीच पाठवतो. मात्र त्याचे ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, ॲम्पच्या ओहमशी जुळायला हवेत आणि तो ॲम्पची पूर्ण शक्ती झेलणारा असायला हवा. स्पीकर किंवा तशी जोडणी नसताना ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हे मित्राला ठाऊक असेलच.

आपल्या मित्राला दोन गोष्टी करून पाहायला सांगा. दोन्ही फुकट आहेत. गिटारच्या स्पीकरचा वरच्या पट्टीचा आवाज सरळ रेषेत, झोतासारखा पुढे जातो. कॅबिनेट जमिनीवर ठेवून माणूस त्याच्यासमोर चार फुटांवर उभा राहिला की झोत त्याच्या पोटऱ्यांवर पडतो. त्याला स्वतःला आवाज बोथट वाटतो, म्हणून तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम चढवतो, आणि समोरच्या भिंतीशी असलेल्यांचे कान किटतात. कॅबिनेट मागे कलते करून त्याच्या चेहऱ्याकडे रोखा, म्हणजे आवाज खाली आणण्याची बुद्धी त्याची त्यालाच होईल. दुसरे, गिटार ॲम्पवरचे बेसचे बटण निम्म्याहून खाली न्या. बंद पाठीच्या कॅबिनेटमधून १०० ते २०० हर्ट्झमध्ये जो धक्का येतो तो एकट्याने वाजवताना फार सुखावतो, पण ती जागा बेसची आहे. गिटारने ती सोडली की आपला ४० वॅटचा कॉम्बो मोठा झाल्यासारखा वाटेल. गेन, म्हणजे ॲम्पच्या सुरुवातीलाच सिग्नलला दिलेला जोर, तोही थोडा कमी केला तर प्रत्येक आघात वेगळा ऐकू येईल, पण त्याला आमच्यातले फार थोडे लोक तयार होतात, हे मी मान्य करतो.


पडघम

ड्रम्सना बटण नसते, म्हणून खोलीतला आवाज ड्रम्सपासून ठरवावा असे माझे मत आहे. आधी ड्रमरने न मारता-झोडता वाजवावे, मग त्यावर गिटार आणि बेस बसवावेत आणि गायिकेचे शब्द कळेपर्यंत सर्वांनी खाली यावे. ड्रमरला ७ए मापाच्या बारीक, हलक्या काड्या वापरून पाहायला सांगा. स्नेअर आणि टॉम या ड्रम्सवर आवाज दाबण्यासाठी जेलचे तुकडे चिकटवता येतात. झांजांच्या बाबतीत मात्र हात आवरणे हाच उपाय आहे.

आणि कानांची काळजी घ्या. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात. तळघरात ट्यूब ॲम्प आणि ड्रम्स एकत्र वाजत असताना आवाज १०० च्या वर सहज जातो. सर्व पट्ट्यांत सारखाच आवाज कमी करणारे, संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या. कापसाचे बोळे वरचा आवाज खातात आणि खालचा गढूळ करून सोडतात.


जुना_बेसवाला, ठाणे

तरंगलांबी यांनी शास्त्र उत्तम मांडले आहे, पण मी धंद्याच्या अंगाने बोलतो. माझे आयुष्य मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रांत बेस वाजवण्यात गेले. नाट्यगृहात आणि मैदानात आमचा ॲम्प प्रेक्षकांसाठी कधीच नव्हता. तो आम्हाला स्वतःला आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला ऐकू यावे म्हणून असे. प्रेक्षकांकडे बेस जातो तो डीआय बॉक्समधून, म्हणजे बेसचा सिग्नल थेट मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डब्यातून, मिक्सरला आणि तिथून साउंडवाल्याच्या अठरा इंची सबला, म्हणजे खर्जासाठीच्या खास स्पीकरला. मोठा बेस ॲम्प ही गरज मुळात ज्या काळात निर्माण झाली, तेव्हा सभागृहाची ध्वनियंत्रणा जेमतेम गायकापुरती असे. अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा, चौदा ट्यूबांचा ॲम्प १९६९ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सनी तो वापरला. त्याचे दहा इंची आठ स्पीकरचे कॅबिनेट फ्रिजएवढे असते. मैदान भरून टाकायचे काम त्या काळी ॲम्पलाच करावे लागे. आता ते काम सब करतात.

म्हणून प्रश्नकर्त्यांनी आधी ठरवावे की ॲम्प सरावासाठी हवा आहे की कार्यक्रमांसाठी. कार्यक्रमासाठी पन्नास हजार घालवण्याची गरज नाही. आपल्या कॉम्बोच्या मागे एक्सएलआर आउट, म्हणजे मिक्सरला जाणारी तीन पिनांची जोडणी, आहे का ते पाहा आणि नसेल तर चांगला डीआय बॉक्स घ्या. डीआयवर प्री आणि पोस्ट असे बटण असेल तर ते प्रीवर ठेवा, म्हणजे मंचावर आपण टोनची बटणे फिरवली तरी साउंडवाल्याकडे जाणारा आवाज बदलत नाही. नाहीतर आपण बेस चढवणार, तो तिकडे उतरवणार, आणि पूर्ण कार्यक्रमभर ही रस्सीखेच चालणार. मेनची ५० हर्ट्झची घरघर आली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. ती काढणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले आहेत.

कॉम्बो जमिनीवर ठेवण्याऐवजी स्टीलच्या घडीच्या खुर्चीवर ठेवा आणि मागे कलता करा. दहा इंची स्पीकर कानाच्या रोखाने आला की आपल्याला आपले बोट कुठे पडते आहे ते कळू लागते आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. खुर्ची खडखडत असेल तर खाली जुनी सतरंजी दुमडून घालावी. ॲक्टिव्ह बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी केव्हा बदलली आहे? ती उतरत आली की जोरात वाजवलेला सूर ॲम्पच्या आधीच, बेसमध्येच फाटतो आणि माणूस उगाच ॲम्पला दोष देत बसतो.

सरावाच्या खोलीत गायिकेच्या माइकसाठीचे पीए स्पीकर असतील, तर त्यांत बेस थोडाच पाठवावा, आणि तोही १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून. त्या स्पीकरकडून खर्ज काढून घ्यायला गेलात तर गायिकेचा आवाज गढूळ होईल. एवढे सारे करूनही कमी पडले तर मात्र मोठे सामान घ्यावे, आणि घेताना १०० वॅटवर थांबू नये. फेंडरच्या रंबल ५०० सारख्या कॉम्बोत दहा इंची दोन स्पीकर असतात. एकट्याने तो ३५० वॅट देतो आणि ८ ओहमचे जादा कॅबिनेट जोडले की ५०० वॅट देतो. जड हाताच्या ड्रमरबरोबर वाजवण्यासाठी मी ३०० वॅट आणि दहा इंची दोन स्पीकर यांच्या खाली जाऊ नये असे म्हणेन.


खर्जातला

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले. कॉम्बो आखूड भिंतीला टेकवून खुर्चीवर चढवला, बेसचे बटण मध्याच्या खाली नेले, मिड वाढवले, बॅटरी बदलली आणि मी स्वतः खोलीच्या मध्यातून हटलो. गिटारचे कॅबिनेट मागे कलते करून मित्राच्या तोंडासमोर आणले. त्याने पहिल्याच गाण्यानंतर न सांगता आवाज कमी केला आणि मग पाच मिनिटे आपला स्वर किती कर्कश आहे याबद्दल हळहळत बसला. मोकळी ई तार आता मला ऐकू येते आणि गायिकेने घुमाराबद्दल तक्रार केली नाही.

कडव्यांत बेस आता नीट ऐकू येतो. ध्रुवपदात सगळे एकदम वाजू लागले की मात्र अजून कमी पडतो आणि कॉम्बोवरचा क्लिपचा, म्हणजे आवाज फाटू लागल्याचा, लाल दिवा सतत पेटलेला राहतो. त्यामुळे मोठे सामान घ्यायचेच असे ठरवले आहे. माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून दिवाळीत येतो आहे आणि तो क्लास डी या हलक्या प्रकारचा ५०० वॅटचा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, आणू शकतो. त्या हेडवर किमान ४ ओहम असे लिहिले आहे. इथे पुण्यात मला दोन जुनी कॅबिनेट विकत मिळत आहेत. त्यांतले एक पंधरा इंची एका स्पीकरचे, ४ ओहमचे आहे, आणि दुसरे दहा इंची दोन स्पीकरचे, ८ ओहमचे आहे. दोन्ही घेऊन एकत्र जोडली तर चालेल का? आणि अमेरिकेतला हेड आपल्या विजेवर चालेल का?


हडसनकाठचा, जर्सी सिटी

दोन्ही एकत्र जोडू नका. ४ आणि ८ ओहमची कॅबिनेट समांतर जोडली की एकूण भार २.६७ ओहम होतो आणि आपल्या हेडची मर्यादा ४ ओहमची आहे. हेड कदाचित लगेच बंद पडणार नाही, पण ऐन जोरात वाजवताना संरक्षण यंत्रणा त्याला गप्प करील, किंवा तो तापून खराब होईल. शिवाय अशा जोडणीत ४ ओहमच्या कॅबिनेटकडे दोन-तृतीयांश शक्ती जाते आणि ८ ओहमच्या कॅबिनेटकडे एक-तृतीयांश, म्हणजे ज्या कॅबिनेटमध्ये दोन स्पीकर आहेत तेच उपाशी राहते. पंधरा इंचीत खर्ज जास्त असतो आणि दहा इंचीत स्पष्टता, म्हणून दोन्ही एकत्र ठेवावीत असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात कॅबिनेटची रचना स्पीकरच्या व्यासाहून महत्त्वाची असते, आणि दोन वेगळ्या कॅबिनेटांचे सूर मधल्या पट्ट्यात एकमेकांना कुठे साथ देतील आणि कुठे खोडतील याचा नेम नसतो.

दहा इंची दोन स्पीकरचे ८ ओहमचे कॅबिनेट घ्या आणि पुढे पैसे जमले की अगदी तसेच दुसरे घ्या. दोन्ही मिळून ४ ओहम होतील. एका ८ ओहमच्या कॅबिनेटवर ५०० वॅटचा हेड साधारण निम्मी किंवा थोडी जास्त शक्ती देतो, आणि तेवढी आपल्या ४० वॅटच्या तुलनेत पुष्कळ आहे. दुसरे कॅबिनेट जोडल्यावर शक्तीही वाढते आणि हवा ढकलणारे पडदेही दुप्पट होतात, त्यामुळे एकूण ५ ते ६ डेसिबल मिळतात. एवढे नुसत्या वॅटांतून मिळवायचे म्हटले तर शक्ती जवळजवळ चौपट लागेल. जुने कॅबिनेट घेताना त्याची मागची पट्टी पाहा, ओहम तिथेच लिहिलेले असतात. पण आधीच्या मालकाने स्पीकर बदलला असेल तर पट्टीवर विसंबू नका. मल्टिमीटर लावला तर ८ ओहमचे कॅबिनेट साधारण ६ ओहम दाखवते. ते कमी नसून बरोबर आहे, कारण मल्टिमीटर फक्त तारेचा सरळ रोध मोजतो.

विजेबद्दल सांगायचे तर इथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असतात, आपल्याकडे २३० आणि ५०. क्लास डी हेड दोन-तीन किलोंचे असतात, त्यामुळे विमानात हातातल्या बॅगेत येतात आणि त्यांतले अनेक १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतात, पण सगळे नाही. काहींच्या मागे किंवा आत व्होल्टेज बदलण्याचा खटका असतो, आणि तो २३० वर नेल्यावर फ्यूजही सांगितलेल्या मापाचा, कमी अँपिअरचा बसवावा लागतो. काही फक्त १२० व्होल्टचेच असतात. आतेभावाला विकत घेण्याआधी मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. या शक्तीच्या हेडसाठी तो एवढा जड असतो की हलक्या हेडचा सगळा फायदा तिथेच संपतो. तसा असेल तर घेऊच नका. इथे घेतलेल्या हेडची हमी भारतात बहुधा लागू होत नाही, हेही धरून चाला.

हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये गिटारची केबल चुकूनही वापरू नका. बाहेरून ती स्पीकरच्या केबलसारखीच दिसते, पण तिच्या आतली तार बारीक असते आणि एवढ्या शक्तीला ती तापते. स्पीकॉनची केबल घ्या. ती फिरवून कुलूपबंद होते आणि कुणाचा पाय अडकला तरी निसटत नाही.


तरंगलांबी

हडसनकाठचा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. फक्त मांडणीची एक गोष्ट जोडतो. दुसरे कॅबिनेट आले की ते पहिल्याच्या शेजारी ठेवू नका, त्याच्यावर उभे ठेवा. शेजारी ठेवल्याने मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज आडव्या दिशेत अरुंद होतो, आणि बाजूला उभ्या असलेल्यांना बेस वेगळाच ऐकू येतो. एकावर एक ठेवले की वरचा स्पीकर कानाजवळ येतो आणि सगळ्या खोलीला सारखा आवाज मिळतो.

मोठा हेड आल्यावर बेसचे बटण पुन्हा चढवण्याचा मोह होईल. पण खोली तीच राहणार आहे आणि ४० व ५६ हर्ट्झ तिथेच साचणार आहेत. हेडवर हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराखालचे सगळे कापणारी सोय, असेल तर तो ३५ ते ४० हर्ट्झच्या आसपास लावा. त्याखाली आपल्या चार तारांचा एकही सूर नाही, पण तार ओढताना आणि हात आपटताना होणाऱ्या धक्क्यांनी पडदा मात्र उगाच हलत राहतो. गेन लावताना आपण ध्रुवपदात जितक्या जोरात वाजवता तितक्या जोरात वाजवा, क्लिपचा दिवा क्वचितच लुकलुकेल इथपर्यंत गेन आणा आणि मग त्याला हात लावू नका. पुढचे सगळे कमीजास्त मास्टरने, म्हणजे शेवटच्या व्हॉल्यूमच्या बटणाने करा. जुना कॉम्बो विकू नका. त्याला लाइन आउट असेल तर घरी रेकॉर्डिंगसाठी तो उपयोगी पडेल, आणि हेड दुरुस्तीला गेला तर रविवारही चुकणार नाही.